शेततळ्यातल्या दोघी

मुलगी झाल्यापासून मी भित्री झाले. आधी नव्हते. ती शेंगदाणे खायला लागली की माझा जीव टांगणीला, गच्चीवर गेली की टांगणीला, आणि रिक्षातून तिनं हात बाहेर काढला की मी अख्ख्या जुन्या जालन्याला ऐकू जाईल अशी ओरडायचे. नवरा म्हणायचा, "तू आई आहेस की चौकीदार?" मला राग यायचा, कारण त्याचं खरं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी मंठ्याजवळच्या माझ्या माहेरी गेलो. ती नऊ वर्षांची. गावातली पोरं विहिरीत धडाधड उड्या मारतात हे तिनं पाहिलं आणि हट्ट धरला, मलाही पोहायचंय. मी साफ नाही म्हणाले. धाकट्या भावानं मध्ये तोंड घातलं, "ताई, मी हाय ना. शिकवतो बराबर." त्यालाही मी गप्प बसवलं. पण पोरगी जेवेना, तेव्हा मी माझ्या हुशारीनं मधला मार्ग काढला.

भावाच्या मोसंबीच्या बागेला लागून शेततळं आहे. उन्हाळ्यात बाग जगावी म्हणून भरून ठेवलेलं, तेव्हा निम्म्यावर आलेलं. चारी बाजूंनी उतार, त्यावर प्लॅस्टिकचा काळा कागद अंथरलेला. मला वाटलं, विहिरीपेक्षा हे बरं. उतारावर बसून पाय बुडवील, हौस फिटेल. माझ्या लहानपणी आमच्याकडे शेततळी नव्हतीच, त्यामुळे ती कशी असतात हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारण्याइतकी नम्रताही नव्हती. दुपारी भाऊ बागेत होता. कुंपणाच्या फाटकाची तार मीच सोडली.

ती दोन पावलं उतरली आणि तिसऱ्याला पाय सटकून घसरत थेट पाण्यात गेली. ओरडलीसुद्धा नाही. आधी डोकं दिसलं, मग नुसते केस.

मी कधी उडी मारली ते आठवत नाही. पाणी वर कोमट होतं आणि खाली गारठलेलं. तिला मागून, काखेतून धरायचं हे हातांना आपोआप कळलं. वर आणलं. ती खोकत होती, म्हणजे जिवंत होती. आता बाहेर पडायचं, एवढंच.

बाहेर पडता येईना. पाण्याखाली कागदावर शेवाळ धरलं होतं. गुडघा टेकला की सरकायचा. नखं रोवायला गेले तर नखंच वाकली. एकदा अर्धी वर आले आणि तिच्यासकट सगळीच्या सगळी परत खाली. तेव्हा मला कळलं की विहिरीला निदान पायऱ्या असतात. मी भावाला हाका मारल्या. बागेत त्याची फवारणीची मशीन चालू होती. पोरगी माझ्या गळ्याला असा विळखा घालून होती की मला श्वास घेता येईना. ओढणी पायात अडकली होती. आम्ही दोघी इथं मरणार, आणि मी स्वतः हिला हाताला धरून इथं आणलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"अंग सैल सोड," मी तिला म्हणाले. "आभाळाकडं बघ. मी खाली आहे." तेराव्या वर्षापर्यंत मी गावच्या विहिरीत हेच करायचे, तासन् तास. मग एक दिवस आई म्हणाली, आता मोठी झालीस, पुरे. मीही पुरे केलं. नंतर कित्येक वर्षं स्वप्नात पोहत होते, लग्नानंतर तेही थांबलं.

पाठीवर झाले. कान पाण्याखाली गेले आणि मशीनचा आवाज बंद झाला. ती माझ्या पोटावर डोकं ठेवून आडवी. मी पाय हलवत राहिले. पोटऱ्या दुखत होत्या, दर थोड्या वेळानं हाक मारत होते, आणि किती वेळ दम टिकेल याचा अंदाज घेत होते. तिनं हळूच गळा सोडला.

"आई, मी तरंगून राह्यले!"

मशीन थांबली तेव्हा भावाला हाक ऐकू गेली. विहिरीतली मोटार वर ओढायचा जाड दोर घेऊन तो धावत आला, आणि आम्हाला एकेक करून वर घेतलं. मग माझ्यावर असा काही भडकला की बाप आठवला. "तिथं माणूस गेला की भायेर येत न्हाई, ताई! कागदावरनं गडी माणसाला चढता येत न्हाई! मला इचारायला काय झाल्तं?" मी मातीत बसून नुसती थरथरत होते. दात वाजत होते, मे महिन्यात.

पोरगी ओल्या फ्रॉकनं माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आई, तू घाबरली होतीस?"

"हो गं. खूप."

"मंग हसत का होतीस?"

मी हसत होते? मला खरंच ठाऊक नव्हतं. भावाकडे बघितलं तर तो दोर गुंडाळत बसला होता.

थरथर काही थांबत नव्हती. तशातच मी त्याला म्हणाले, "उद्या सकाळी हिला विहिरीवर घेऊन जाऊ. तू वर दोर धरून थांब. पाण्यात मी उतरते."