दर सोमवारी चार मिलिमीटर

माझी बायको चौपन्नाव्या वर्षी सायकल चालवायला शिकली. कारण मासळीचं होतं, निदान ती तसं सांगायची.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. लग्न झालं आणि नोकरीपायी बोईसरला आलो, तेव्हा मासा म्हणजे काट्यांची कटकट एवढंच आम्हाला माहीत होतं. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूर गावची एक कोळीण मावशी डोक्यावर टोपली घेऊन दारात यायची. तिनं माझ्या बायकोला बोंबील साफ करायला शिकवलं, जवळा निवडायला शिकवला आणि उंबऱ्यात बसून सगळ्या जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायलाही शिकवलं. पंचवीस वर्षं हे चाललं. मग मावशीचे गुडघे गेले आणि तिचं येणं बंद झालं. मासळी बाजारातही मिळायची, पण बायकोच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. दुपारभर ती खिडकीत बसून असायची. तिला मासळीपेक्षा मावशी हवी होती, हे माझ्या जरा उशिरानेच लक्षात आलं.

त्याच सुमाराला माझ्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, मी रागारागाने ती विकून टाकली. नवापूरला जायचं तर रिक्षा भरेपर्यंत नाक्यावर ताटकळत उभं राहायचं आणि परत येताना पुन्हा तेच. एक दिवस बायको म्हणाली, "मी सायकल शिकते." मी हसलो. ती हसली नाही.

मी तीस-पस्तीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. म्हणजे दाब, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं नीट दाखवतात की नाही हे बघायचं आणि चुकत असतील तर सुधारायचं. हे काम करणाऱ्या माणसाचा स्वभाव बिघडतो. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे सायकल घरी आल्या आल्या मी पाने काढून बसलो. सीटचं नाक वर होतं, ते पाणसळ लावून सपाट केलं. सीट थोडी पुढे घेतली, हँडल वर उचललं, म्हणजे तिला वाकावं लागू नये. हे सगळं तिनं कौतुकाने करू दिलं. उंचीचा विषय निघाला तेव्हा मात्र तिनं पाय रोवले. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, नाहीतर मी बसणारच नाही, म्हणाली. शिकणाऱ्यासाठी ते बरोबरच असतं. मी सीट अगदी खाली ठेवली आणि कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी तिथल्या मोकळ्या रस्त्यांवर कॅरिअर धरून तिच्या मागे धावलो. महिन्याभरात ती एकटी जायला लागली. दीड महिन्यात नवापूर गाठलं. त्या दिवशी पिशवीभर कोलंबी घेऊन ती दारात उभी राहिली, घामाने निथळत होती आणि मी लग्नानंतर तिला इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं.

मग तिचे गुडघे दुखायला लागले.

दुखणारच होते. सीट खाली असली की पाय सरळ होतच नाही. पूर्ण फेरीभर गुडघा दुमडलेला राहतो आणि सगळा जोर वाटीवर येतो. सीट किती उंच हवी याचं माप सोपं आहे. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात आपोआप हवा तेवढाच बाक राहतो. मी तिला हे सांगितलं, कागदावर काढून दाखवलं, स्वतः सीटवर बसून दाखवलं. ती म्हणाली, "आणि थांबल्यावर पाय कुठे टेकू? तुम्ही येणार आहात धरायला?" मी म्हटलं, चवडा टेकतो, पुरतं तेवढं. ती म्हणाली, "मला नाही पुरत." आवाज चढले. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ती नवापूरहून आली आणि जिना चढताना कठड्याला धरून थांबली. हे असंच चाललं तर ही सायकल सोडणार, पुन्हा खिडकीत बसणार, असं मला वाटलं आणि मी घाबरलो. हे माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे. पुढचं नाही.

सोमवारी आमच्याकडे मासळी खात नाहीत, त्यामुळे सोमवारी सायकल जिन्याखाली उभी असे. त्या सोमवारी मी चौदा नंबरचा पाना खिशात घालून खाली गेलो, नट सैल केला, सीटचा दांडा चार मिलिमीटर वर घेतला आणि नट आवळला. पुढच्या सोमवारी आणखी चार. कारखान्यात आम्ही हेच करायचो. चालू प्लांटमध्ये सेटिंग बदलायचं असलं की एकदम बदलायचं नाही, थोडं थोडं सरकवायचं, म्हणजे कुणाला झटका बसत नाही. दांड्याचा आतला भाग लख्ख होता, तो वर आला की दिसला असता. म्हणून मी त्यावर थोडं ग्रीस फासायचो आणि वर धूळ लावायचो. इतकी काळजी माणूस फक्त लपवायच्या गोष्टीची घेतो, हे तेव्हा सुचलं नाही.

दोन महिन्यांत गुडघे दुखायचे थांबले. तिनं श्रेय तिळाच्या तेलाला दिलं. ती शेजारणीला त्या तेलाचं नाव सांगत होती तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरून हसत होतो. खरं सांगायचं तर ते दिवस माझे फार सुखाचे गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी माझ्या हातून बरोबर चाललं होतं. ती अलीकडे जरा गप्प असायची, आरशासमोर जास्त वेळ उभी राहायची, पण ते मी वयावर ढकललं.

पंधराव्या सोमवारनंतरच्या बुधवारी ती पडली.

नवापूरच्या अलीकडे समोरून टेम्पो आला, हिनं सायकल कडेला घेऊन थांबवली आणि डावा पाय टेकवायला गेली. तिथे डांबराची कड तुटलेली, खाली वीतभर खड्डा. चवडा पोचलाच नाही. सायकलसकट ती डाव्या हातावर आडवी झाली. टेम्पोवाला उतरून "आंटी, लगा क्या? आंटी?" करत राहिला, मग मावशीकडे निरोप गेला आणि मावशीच्या पुतण्याने तिला रिक्षात घालून बोईसरच्या दवाखान्यात आणलं. मनगट मोडलं होतं.

सीट बरोबर उंचीवर असली की थांबताना सीटवर बसून राहायचंच नसतं. ब्रेक दाबता दाबता पुढे सरकून सीटवरून खाली उतरायचं आणि मग पाय टेकवायचा. हे शिकवावं लागतं. मी ते शिकवलं नव्हतं, कारण शिकवायला गेलो असतो तर सीट का वर केली हे सांगावं लागलं असतं. कारखान्यात नव्याने आलेल्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायचो: कुठल्याही सेटिंगला हात लावला तर तिथे काम करणाऱ्याला सांगायचं, मगच घरी जायचं. माझ्या तोंडून ते ऐकलेली माणसं आज तिकडे मोठ्या हुद्द्यावर आहेत.

हाताला प्लास्टर घालत असताना ती डॉक्टरांना म्हणाली, "पाय पोचला नाही." बस, एवढंच. मग तिनं मान दुसरीकडे वळवली. मी काहीच बोललो नाही. डॉक्टरांसमोर कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. घरी आल्यावर तिला झोप लागली होती, म्हणून नाही बोललो. सकाळी चहा गाळताना जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मला बरंच वाटलं.

सायकल मावशीच्या घरी ठेवली होती. ती बघायला म्हणून मी दुपारी नवापूरला गेलो. मावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती, समोर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. मला बघून तिनं हाक मारली, "ये भाऊ. हात कसा हाय तिचा?"

"बरा आहे. महिना-दीड महिना लागेल."

"हात बरा होल. पन ती घाबरलेली हाय, तिचं काय करशील?"

म्हटलं, पडल्यावर माणूस घाबरतंच.

"पडल्यानी नाय रे. आदीपासून घाबरलेली हाय ती. तुला कायच नाय सांगलं?" मावशीनं मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला. "तिला वाटतं ती बुटकी व्हायला लागली. मना म्हनते, पयलं पाय पुरा टेकत होता, मग टाच उचलली, आता नुसती बोटं टेकतात. आई आकसून एवढीशी झाली नि गेली, तशी मी पन जानार, म्हनते."

माझ्या सासूबाई शेवटच्या काही वर्षांत खरोखरच आकसल्या होत्या. हाडं ठिसूळ झाली होती, पाठ वाकली होती. दर वेळी बघावं तर लुगडं जास्त लोळायचं आणि फळीवरचा डबा आणखी लांब गेलेला असायचा.

मावशीनं कोनाड्याकडे बोट केलं. तिथे कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली होती. "हितं ठेवते. तू बघशील नि काळजी करशील म्हनून घरी नेत नाय." मग तिनं दाराच्या चौकटीकडे मान केली. "नि ते बघ."

चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या. माझी बायको दर आठवड्याला तिथे पाठ लावून उभी राहायची आणि मावशी डोक्यावर फणी आडवी धरून रेघ मारायची. नऊ-दहा रेघा असतील. सगळ्या एकाच जागी, एकीवर एक, गिरवून गिरवून जाड झालेल्या. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. केसभरही फरक नव्हता.

"रेघ हालली नाय, मी तिला सांगते," मावशी म्हणाली. "ऐकत नाय. म्हनते, तुजा हात हालतो मावशी, रेघ खोटी. माजा पाय खोटं कसा सांगल?"

मी मावशीशेजारी ओट्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं, ग्रीस आणि धूळसुद्धा. ती म्हणाली, "मना काय सांगतोस? जा घरी." सायकल तशीच सोडून मी निघालो.

बायको हॉलमध्ये प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा दूध उतू गेलं असतं. पंधरा सोमवार, चार चार मिलिमीटर, एकूण सहा सेंटिमीटर. तू आकसली नाहीस. सीट मी वर केली. तुझी उंची होती तेवढीच आहे.

आधी तिला कळलंच नाही. मग तिच्या चेहऱ्यावर इतकं हलकं काहीतरी आलं की मला वाटलं, सुटलो. तिनं डोळे पुसले. आणि मग ती चिडली. अशी चिडलेली मी तिला कधी बघितली नव्हती, आवाज अजिबात न वाढवता. "तीन महिने मी रोज आई बघत होते आरशात," ती म्हणाली. "आणि तुम्ही समोर पेपर वाचत होतात."

मी म्हटलं, तुझ्या गुडघ्यांसाठी केलं. म्हटल्याबरोबर मला माझी लाज वाटली.

"गुडघे माझेच होते ना? प्लास्टर निघालं की सीट मी लावणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"उंच ठेवली तर थांबायचं कसं, ते सांगा."

मग मी हॉलच्या मधोमध उभा राहून, नसलेलं हँडल धरून, पुढे सरकून कसं उतरायचं ते तिला दोनदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा माझा तोल गेला आणि मी टीपॉयवर आदळता आदळता वाचलो. तिला हसू आलं. मीही हसलो. निभावलं, असं मनाशी म्हणून मी पाणी प्यायला वळलो.

"अजून काय काय केलंयत असं?" तिनं मागून विचारलं. "थोडं थोडं. मला कळू नये असं."

मी 'काही नाही' म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण चौकटीवरच्या त्या जाड रेघा काही डोळ्यांसमोरून जाईनात. लग्न झालं तेव्हा ती उन्हाळ्यात महिनाभर माहेरी जायची. मग वीस दिवस झाले. मग पंधरा, मग आठ. कधी कारखान्यात शटडाऊनचं जादा काम असायचं, कधी पोरांचे क्लास, कधी माझी पाठ धरलेली. 'जाऊ नकोस' असं मी एकदाही म्हणालो नाही. दर वर्षी दोन-चार दिवसच कमी व्हायचे. शेवटी शेवटी ती दोन रात्रींसाठी जायची, आणि म्हणूनच तिची आई तिला दर वेळी एकदम एवढीशी झालेली दिसायची.

"तुझे माहेरचे दिवस," मी म्हणालो.

तिनं प्लास्टरचा हात उशीवर नीट ठेवला.

"ते माहीत होतं मला," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का, तेवढंच बघायचं होतं."