बल्लारपूरच्या बायका आल्याच नाहीत

तहसीनने सायबर कॅफेत छापून घेतलेला कागद टेबलावर आपटला, तेव्हा तिचे सासरे गुलाम रसूल चहात पाव बुडवत होते.

"वाचा, अब्बा. बल्लारपूरला बायका पिक्चर पाहत नाईत म्हणे! साऱ्या दुनियेला दिसून राह्यलं इंटरनेटवर."

"दिसू दे की. आपलं काय जाते?"

तिचं बरंच काही जात होतं. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवता शिकवता ती एम.फिल. करत होती. आपल्या भागात कुठला सिनेमा का चालला, हा विषय. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, ऐकीव गोष्टी नकोत, वेबसाइटवरचे गल्ल्याचे आकडे घ्या. वर्षभराचे रविवार तिने त्या कॅफेतल्या मोडक्या खुर्चीवर घालवले. आकड्यांवर तिचा विश्वासही बसला होता. पण बायकांच्या आवडीच्या घरगुती सिनेमांच्या तक्त्यात दर वेळी बल्लारपूर तळाला होतं, आणि शेवटी हा शेरा.

खोटं! सासऱ्यांच्याच टॉकीजमधला शुक्रवार दुपारचा जनाना खेळ तिने मांडीवर लेक घेऊन पाहिला होता. पुरुष नमाजला किंवा पेपर मिलच्या पाळीवर, आणि इथे बुरख्याला लुगडं खेटून बसलेलं. खुर्च्या पुरत नसत. बायका घरून चटया आणत. तिने हे सांगितलं तेव्हा मार्गदर्शक हसले होते. "मॅडम, तुमची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आकडा खोटा असेल, तर नावानिशी सांगणारी माणसं आणा. नाहीतर प्रकरण काढून टाका."

आकडा कुठून येतो, हे शोधत ती घरापर्यंत पोचली होती. टॉकीजवाला अमरावतीच्या वितरकाला हिशेब पाठवतो आणि वेबसाइट तोच छापते. अन् जनाना खेळाला तिकीट कधी फाडलंच जात नसे. मागच्या दाराशी गोकुळाबाई पैसे घेऊन बायकांना आत सोडी. लेकीबाळींना खिडकीवर रांगेत कशाला उभं करायचं, असं सासरे मोठ्या अभिमानाने सांगत.

"तिकीट नाई म्हणजे हिशेब नाई. वितरकाला वाटा नाई. असंच ना?"

"धंदा असाच चालते, बेटा. सारेच करतात."

"अन् मग तुम्हीच बोंबलता, अमरावतीवाले घरगुती पिक्चर देत नाईत म्हणून! काऊन देतील? इथी बाई येतच नाई, असं तुम्हीच लिहून दिलं!"

घरगुती पिक्चरच मिळेनात, म्हणून जनाना खेळ बंद पडून वर्ष झालं होतं. आता टॉकीजवर मारामारीची नाहीतर उघड्या पाठींची पोस्टरं लागत. बायका त्या रस्त्यानेही जात नसत.

गुलाम रसूलांनी कप सरकवला. "तुले लिहायचं ते लिही. बल्लारपूर सोडून लिही. टॉकीज तुह्या नवऱ्याच्या नावावर आहे, ध्यानात ठेव."

"बल्लारपूर सोडलं तर राहिलं काय?"

"मंग नोको लिहू! या घरात राहून घराले वितरकाची नोटीस आणतं का?"

सैपाकघरातून नसीम, तिची सासू, कणकेच्या हाताने बाहेर आली. "माह्यं नाव लिही, तहसीन."

"तू चूप बस."

"चूपच बसली होती. तिकिटाचं मले ठाऊक होतं, कबूल आहे. पण खुर्च्या रिकाम्या म्हणून लिहून देता, हे नव्हतं ठाऊक. दर शुक्रवारी मी पहिल्या लायनीत बसत होती. तुम्ही दारात उभं राहून पाहत होते मले. अन् तिकडं कळवलं, कोणी नाई? मी काय भूत आहो?"

"अवं, ते हिशेबापुरतं..."

"हिशेबातच नाई तर कुठी आहो मी?"

गुलाम रसूल उठले, टोपी घातली आणि बाहेर पडले. दार इतक्या जोरात लागलं की कडी वाजत राहिली. तहसीनचा नवरा संध्याकाळी आला की हीच आग पुन्हा पेटणार, हे दोघींनाही कळत होतं.

"एकटीच्या नावानं तुह्यं भागणार नाई," नसीम हात पुसत म्हणाली. "गोकुळाकडं चल. मिलच्या कोणत्या क्वार्टरातून कोण येत होतं, तिले ठाऊक आहे."

"अम्मी, अब्बा..."

"बुरखा दे माहा. अन् मोठ्यानं बोलू नोको आता. माह्यं डोस्कं आधीच फिरलं आहे."