बियाण्याला ठेवलेलं लेट्यूस

ओझरच्या एका म्हाताऱ्या माळ्याशी घासाघीस करून मी लाल पानांच्या लेट्यूसचं चिमूटभर बी मिळवलं होतं. दर हिवाळ्यात सर्वांत चांगली दोन रोपं न खुडता वाफ्यातच बियाण्याला ठेवायचो; फुलोऱ्यावर आली की त्यांचा पाला कडू होतो. शेजारणीने कितीदा मागितलं, पण बी कुणाला दिलं नाही.

माळी वारला, त्याच वर्षी देवळ्याहून मेव्हणा आला. संध्याकाळी घरी आलो तर वाफा मोकळा.

"दाजी, पाला कडू झाला होता. उपटून गाईला घातला. मेथी पेरलीय, लय भारी येईल."

मी असा ओरडलो की तो न जेवताच निघून गेला. घरात जुनं बी उरलं नव्हतं, होतं तेवढं सगळं त्या हिवाळ्यात पेरलं होतं. शेजारणीने चोरून तरी नेलं असेल, या आशेने तिच्याकडे गेलो.

"आमच्याकडे कुठून येणार, भाऊ? तुम्ही दिलंत कधी?"

मेव्हण्याला मी अजून माफ केलेलं नाही. ते लेट्यूस पुन्हा कुठेच दिसलं नाही.