बांबूंमधली मोकळी जागा

आयर्लंडहून आलेल्या, पुरातत्त्व शिकवणाऱ्या त्या बाई मला एकदाच भेटल्या. मी बोईसरला इंग्रजी शिकवतो, म्हणून नवापूरच्या किनाऱ्यावर दुभाषा म्हणून मला नेलं होतं. बोंबील वाळवायला वाळूत बांबू रोवलेले होते. प्रत्येक बांबूपाशी थांबून त्या मान तिरकी करून विचारायच्या, "इथे कोण उभं राहतं?"

उन्हानं माझं डोकं उठलं. वैतागून म्हणालो, "तुम्ही खणणारी माणसं. तुम्हाला कशाला या चौकशा?"

"आमच्याकडेही हेच म्हणतात," त्या हसल्या. "वस्तू मोजा, माणसांबद्दल तर्क नको."

रांगेत मध्येच एक जागा मोकळी होती. बाईंनी विचारलं, "ही वाट आहे का?"

बोंबील टांगणाऱ्या मावशी म्हणाल्या, "नाय गो. माज्या सासूची जागा हाय. ती गेली, म्हणून यंदा तितं बांबू नाय रोवला."

मी ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "घरी वडिलांच्या खुर्चीवर आम्ही कुणी बसत नाही. उद्या कुणी ते घर खणलं, तर खुर्ची सापडेल. आमचं न बसणं कसं सापडेल?"

परतताना त्या मोकळ्या जागेतून सरळ जाता आलं असतं. बाई वळसा घालून गेल्या. मीही.