प्रणालीचा पत्रा

लग्नपत्रिका हातात पडली की प्रणाली आधी तिची कड दुमडायची. नवरा-नवरी कोण, ते नंतर. "पाह्य, सपाट होती तं लोंबत होती. कड दुमडली का उभी रायली," म्हणत ती पत्रिका आमच्या नाकापुढे धरायची. अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात रोबो-स्पर्धेच्या संघाची ती कॅप्टन. मोर्शीची पोर, बोलायला फटकळ. बाकीचे संघ जाड लोखंडी अँगल जोडून वजन वाढवत. हिने चाकं आणि मोटारी पेलणारा अख्खा सांगाडा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा दुमडून केला. चाकांच्या बेअरिंगची भोकं एका रेषेत यावीत म्हणून आम्हाला पुठ्ठ्याचे नमुने कापायला लावून लावून जेरीस आणलं. "जरासंई इकडंतिकडं खपनार नाई. चाक अडकलं का खेळ खतम!"

अकोल्याच्या स्पर्धेला निघायच्या सकाळी विभागप्रमुखांनी पूजा ठेवली. तिथवर ठीक. पण संस्थेच्या उपाध्यक्षांनी नारळ घेऊन थेट रोबोवरच हात उगारला.

"साहेब, खाली दगडावर फोडा. पत्रा वाकते," प्रणाली म्हणाली.

"शुभ कामात आडवी येऊ नको," विभागप्रमुख खेकसले.

नारळ फुटला, आणि पत्रा आत गेला, नेमका बेअरिंगपाशी. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्या टाळ्या आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं.

अकोल्याला पोचून आम्ही पत्रा ठोकून सरळ केला, पण चाक घासतच राहिलं. ऐन सामन्यात रोबो जागच्या जागी गोल फिरला. परतल्यावर बैठकीत विभागप्रमुख म्हणाले, "डिझाइनच नाजूक होतं."

प्रणाली उठली. "डिझाइन मजबूत हाये सर. तुमाले साहेबाले नाई म्हनता आलं नाई, ते सांगा ना."

माफी माग म्हणाले. तिने मागितली नाही. तिला संघातून काढलं.

पुढच्या वर्षी सांगाडा तिचाच, नाव मात्र विभागप्रमुखांचं. निर्लज्जपणाची हद्द! पुन्हा पूजा, पुन्हा तेच उपाध्यक्ष, तोच नारळ. प्रणाली गर्दीतून पुढे आली, पत्र्यावर दोन्ही तळहात टेकले आणि म्हणाली, "आता फोडा, साहेब."

उपाध्यक्षांनी मुकाट्याने नारळ पायरीवर फोडला. आम्ही गाडीत बसलो. ती खालीच राहिली.

अकोल्यात रोबो सुतासारखा सरळ धावला. विजेतेपदाची ढाल घ्यायला विभागप्रमुख हसत हसत वर गेले. मी बाहेर येऊन प्रणालीला फोन लावला, जिंकल्याचं सांगितलं, ढाल कोणी घेतली तेही सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, "चाक घासलं नाई ना?"