शुक्रवारच्या तीन ओळी

बुधवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘कुमुदताई गेल्या. रविवारपर्यंत शाळा बंद राहील.’ मी तेव्हा अंबडला कंपनीत, एका हातात मायक्रोमीटर घेऊन शाफ्टचा ट्रे तपासत उभा होतो. अर्ध्या डोळ्याने मेसेज वाचला आणि सगळ्या पालकांच्या आधी उत्तर दिलं, ‘कुठे? परत कधी येणार?’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं... पण सोमवारी फळांच्या डब्याची पाळी आमची आहे, ती तशीच धरायची का, हेही मी विचारून घेतलं. दहा मिनिटं ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मग जोडलेले हात एकामागून एक येऊ लागले, आणि बायकोचा फोन आला. “अहो, तो मेसेज आधी काढा,” रोहिणी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. मी काढला. त्या जागी मेसेज काढून टाकल्याची पाटी लागली, ती अजून तिथे आहे. ज्यांनी मूळ मेसेज वाचला नव्हता त्यांनीही नंतर इतरांना विचारून घेतला म्हणे.

या शाळेतली एखादी बातमी मला न विचारता कळली, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं होतं, आणि नेमकी तीच मला कळली नाही. एरवी विचारण्यात माझा हात कुणी धरला नसता. ओवी आम्हाला उशिरा झालेली मुलगी. ती जन्मली तेव्हा माझ्या बरोबरीच्यांची मुलं दहावीचे क्लास लावत होती. त्यामुळे बापाची काळजी आणि आजोबांची काळजी अशा दोन्ही माझ्याकडे एकदमच आल्या. साडेतीन वर्षांची झाल्यावर तिला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या कुमुदताईंच्या माँटेसरीत घातलं. ताई बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, खाली शाळा. मूळच्या देवळ्याच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. सुती साडी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि खाली बसताना कटकन वाजणारा डावा गुडघा. जूनमध्ये ओवी शाळेत गेली आणि तिथे गप्प झाली. घरी तोंडाला विश्रांती नाही. सकाळी दात घासतानाही बडबड चालू. शाळेचं फाटक ओलांडलं की एक शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, सगळं व्यवस्थित आहे, वाट पाहा म्हणाले. वाट पाहणं हे ज्याला जमतं त्याला सांगायचं असतं.

बाकीच्या शाळांमधून म्हणे रोज फोटो येतात, व्हिडिओ येतात, कुणाच्या कपाळावर चांदणी, कुणाच्या हातात फुगा. आमच्या ताईंनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं, फोटो मिळणार नाहीत. मुलं इथे काम करतात, तुम्ही काम करत असताना कुणी सारखे फोटो काढले तर चालेल का? त्याऐवजी दर शुक्रवारी दप्तरात एक चिठ्ठी यायची. अर्धा कागद, पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी. ‘ओवीने तांब्या घासला. पुन्हा घासला. जागेवर ठेवला.’ संपलं. मी कागद उलटा करून पाहिला. छान घासला की कसा, याचा पत्ता नाही. मी क्वालिटीतला माणूस. आमच्याकडे मालावर ओके, रिजेक्ट किंवा रिवर्क यांपैकी काहीतरी लागतंच. माझी मुलगी नेमकी कुठल्या ट्रेमध्ये आहे, हे मला कळेना.

ताई साडेबारा ते एक फोन घ्यायच्या, आणि त्यातली दहा मिनिटं बहुधा माझी असत. जुलैतल्या एका चिठ्ठीत होतं, ‘ओवीने कांद्याची सालं काढली. डोळ्यांत पाणी आलं. काम पूर्ण केलं.’ पहिलं आणि तिसरं वाक्य मला दिसलंच नाही. मी फोन लावून विचारलं, रडली का ती, का रडली, कुणी काही बोललं का. मग ताई म्हणाल्या, “ओवीचे बाबा, कांदा होता हो.” हा किस्सा रोहिणीने तिच्या ऑफिसात सांगितला. अजूनही तिथे कुणी फार काळजी करायला लागलं, की बाकीचे त्याला ‘कांदा होता हो’ म्हणतात.

शेवटी ताईंनीच मला शाळेत येऊन बघायला बोलावलं. खिडकीपाशी पालकांसाठी एक खुर्ची होती. तिथे अर्धा तास बसायचं, बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, फोन बाहेर ठेवायचा. हातात कागद-पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, जे दिसतं ते लिहा. ओवी कोपऱ्यात चटईवर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात डाळ ओतत होती. शेजारच्या चटईवरचा आरव तिच्याशी काहीतरी बोलत होता, ती त्याच्याकडे बघत होती, बोलत नव्हती. मी पेन्सिल उचलली. अर्ध्या तासाने ताई आल्या, गुडघा वाजवत शेजारच्या चौरंगावर बसल्या आणि माझा कागद वाचला. मी लिहिलं होतं, ‘ओवी गप्प बसली आहे बिचारी.’ त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. “गप्प आहे, हे बरोबर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “बिचारी कुठे दिसलं तुम्हाला?” आणि शेवटच्या शब्दावर रेघ मारली. मग विचारलं, “कंपनीत मालावर ‘बिचारा’ असा शेरा मारता का तुम्ही?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

एकदा मात्र मी खरंच भांडलो. गणपतीच्या सुट्टीनंतर चिठ्ठी आली, ‘शाळेतला मासा मेला. मुलांनी चिकूखाली पुरला. ओवीने माती लोटली.’ मी म्हटलं, एवढ्याशा पोरांना हे कशाला? सकाळी लवकर दुसरा मासा आणून सोडायचा, कुणाला कळलं असतं? ताईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, आणि मुलांनी विचारलं, हा तोच का, तर? मी म्हटलं, हो म्हणायचं. मग एवढंच म्हणाल्या, “आणि पुढे कधी तुम्ही त्यांना खरं सांगाल, तेव्हा त्यांनी ते कशावरून ओळखायचं?” मी विषय बदलला. अडचणीत आलो की मी डब्याचा विषय काढतो.

मग डिसेंबरातला तो शुक्रवार. ‘ओवीने मटार मोजले. पाणी मागितलं. प्यायली.’ मी चिठ्ठी वाचून फ्रिजवर लावूनसुद्धा टाकली होती. रोहिणी पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, मागितलं? कसं मागितलं? सोमवारी साडेबाराची वाट बघत मी कंपनीच्या कँटीनबाहेर उभा होतो. ताई म्हणाल्या, “तोंडाने.” त्यांनी बजावलं, घरी विचारायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, तिने सांगितलं तर ऐकायचं. आणि फोन ठेवता ठेवता, जरा वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “मलाही धाकधूक होती हो सहा महिने. पण ते चिठ्ठीत कुठे लिहू?” त्या दिवशी मी कंपनीत पेढे वाटले. कशाबद्दल, हे सांगता आलं नाही. सगळ्यांनी प्रमोशन समजून अभिनंदन केलं.

या बाई मार्चमधल्या त्या बुधवारी पहाटे हृदय बंद पडून गेल्या. आदल्या दिवशी पूर्णवेळ शाळेत होत्या. दुपारी मी स्मशानात गेलो, आणि तिथे काय करावं हे न सुचल्यामुळे बाहेर पालकांच्या गाड्या लावून देत राहिलो. देवळ्याहून त्यांचे धाकटे भाऊ आले होते, पांढरी टोपी घातलेले. कुणीतरी विचारलं, आपण कोण? ते अहिराणीत म्हणाले, “मनी मोठी बहीन शे ती.” शे म्हणाले. म्हणजे, आहे. व्हती म्हणायला अजून त्यांची जीभ वळली नव्हती.

घरी आलो तो तसाच न्हाणीघरात गेलो. बाहेर येतो तर ओवी दारात उभी. संध्याकाळी आंघोळ का केली? मी म्हटलं, कंपनीत तेल उडालं अंगावर. शाळेला सुट्टी का? मी म्हटलं, ताई देवळ्याला गेल्यात. खोटं बोलताना तपशील भरण्याची मला खोड आहे, म्हणून पुढे म्हटलं, शेतात कांद्याची काढणी चालू आहे ना, खूप कांदे आहेत, वेळ लागेल. ओवीचं समाधान झालं. रोहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शैलाताईंचं, म्हणजे कुमुदताईंबरोबर वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंचं, पालकांना पत्र आलं. सोमवारी सकाळी मुलांना गोलात बसवून आम्ही सांगणार आहोत. त्याआधी ते घरी कळलं तर बरं. कृपया ‘गावाला गेल्या’ असं सांगू नका, मुलं वाट पाहत राहतात. ‘झोपल्या’ असंही सांगू नका, मुलं झोपायला घाबरतात. हे पत्र माझ्या एकट्यासाठी लिहिल्यासारखं होतं. आता आज खरं सांगायचं, तर कालचं खोटं होतं हेही सांगायचं. आणि ते ऐकून ही पोर पुन्हा मिटली तर? शाळेत तोंड उघडायला तिला सहा महिने लागले होते, आणि ज्या बाईंपुढे ते उघडलं त्याच आता नव्हत्या. या वेळी मिटली, तर कुणाला फोन लावायचा?

गुरुवार मी ‘तिला ताप आल्यासारखा वाटतोय’ म्हणून घालवला. ताप नव्हता. शुक्रवारी ओव्हरटाइम केला. शनिवारी माझ्या आईला फोन केला, तर ती म्हणाली, लेकराला असलं अभद्र काही सांगू नको. आमच्या घराण्यात माणसं मरत नाहीत. ती जातात, वारतात, सुटतात, देवाघरी जातात. मरतात ती फक्त झुरळं आणि शेजारच्यांची कुत्री. रविवारी सकाळी मी कागद घेऊन बसलो आणि काय बोलायचं ते लिहून काढलं, चांगलं पानभर. रोहिणीने ते वाचलं. ‘देवाला आवडल्या’ खोडलं, ‘तारा’ खोडलं, ‘तू मोठी झाल्यावर’ सगळंच खोडलं. खाली तीन वाक्यं उरली. दुसऱ्यातला एक शब्द माझ्या तोंडून काही केल्या निघेना. दोनदा न्हाणीघरात जाऊन म्हणून पाहिला.

जेवणानंतर ओवी गॅलरीत मटार सोलत बसली होती. मी समोर मांडी घातली. म्हटलं, ओवी, बाबांनी तुला खोटं सांगितलं. ताई देवळ्याला गेल्या नाहीत. मग कागदावरची तीन वाक्यं. त्यांचं हृदय बंद पडलं. त्या मेल्या. आता त्या शाळेत येणार नाहीत. ती शेंगा सोलत राहिली. पाच-सहा शेंगा झाल्या असतील... मला वाटलं, संपलं.

“मग देवळ्याचे कांदे कोण काढतंय?” तिने विचारलं.

म्हटलं, कांदे नव्हतेच. तेही खोटं. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी रिजेक्ट मालाकडे पाहतो तसं. मग विचारलं, शैलाताईंना माहितीये? म्हटलं, हो. आणि आरवला? म्हटलं, त्याचे बाबा सांगतील.

“त्यांनी नाही सांगितलं तर?”

मी खिशातून माझा कागद काढून पाहिला. ती उठली, सालं डब्यात टाकली आणि आत जाऊन झोपली.

सोमवारी फाटकापाशी आरवचे बाबा माझ्या कानाशी लागले. “आम्ही नाही हो सांगितलं अजून. मामाकडे गेल्यात म्हणालो,” ते म्हणाले. मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. दोन्ही पोरं आत गेली. त्या दिवशी दुपारी ओवी घरी आली, जेवली, काही बोलली नाही. मंगळवारीही घरी गप्पच. बुधवारी दात घासतानासुद्धा गप्प. साडेबारा वाजता मी रोज कंपनीच्या कँटीनबाहेर जाऊन उभा राहायचो आणि एकला परत आत जायचो. शैलाताईंना फोन करता आला असता. पण आठवड्यापूर्वीच त्यांनी काय गमावलं होतं ते मला माहीत होतं, आणि त्यांना मी काय विचारणार होतो, माझी मुलगी ओके आहे का?

शुक्रवारी संध्याकाळी दप्तर उघडलं. मला वाटलं होतं, या आठवड्यात चिठ्ठी नसेल. होती. तोच अर्धा कागद, पेन्सिल, पण अक्षर दुसरं, जरा मोठं आणि उजवीकडे कललेलं.

‘सोमवारी चपला काढताना ओवीने आरवला सांगितलं, ताई मेल्या. आरव रडला. ओवी त्याच्या शेजारी बसली.’

मी उभ्या उभ्या फोन हातात घेतला. किती मोठ्याने सांगितलं, कुणी सांगायला लावलं की आपणहून, किती वेळ बसली, हे सगळं विचारायचं होतं. रोहिणीने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. चिठ्ठी घेऊन पुन्हा एकदा वाचली. मग माझ्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची ओढली.

“रडा आता तुम्ही,” ती म्हणाली. “मी बसते शेजारी.”