गिरदावरसाहेबांचे पंच

गिरदावरसाहेब आमच्याकडे टीव्ही बघायला यायचे ते पायजम्यावर काळा कोट चढवून, काखेत फाईल धरून. दारातल्या स्टुलावर बसायचे. गादीवर या म्हटलं तर म्हणायचे, "मौक्यावर आलो बाई, पाहुणा नाई." जळालेली कडब्याची गंजी असो की वाहून गेलेला बांध, मौक्यावर, म्हणजे घडल्या जागी जाऊन, जन्मभर पंचनामे केलेला महसुलातला माणूस. रिटायर झाला म्हणून सवय जाते कुठं?

आदिलाबादला नुकतंच केबल आलं होतं. रविवारी सकाळी एक परदेशी मालिका हिंदीतून लागायची. थंड मुलखातले व्हायकिंग. नावेच्या तोंडाला अजगराचं डोकं. काठाला उतरले की गाव लुटायचे, पेटवायचे. अर्धी गल्ली आमच्या खोलीत. बाया ज्वारी निवडता निवडता बघायच्या. आमच्या इथल्या साप्ताहिकात एक जण तिची तारीफ लिहायचा, काय ती लढाई अन् काय तो थाट! साहेब वाचून म्हणायचे, "हा मौक्यावर गेलाच नाई. घरी बसून लिव्हते."

मग ते स्वतः लिहायचे. भाग संपला की फाईल उघडून : "नावा तीन. इसम समुद्रातून उतरले, कपडे कोरडे. घरे जळाली अंदाजे वीस. रडणारे कोणी दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी राख उपसणारे कोणी दाखवले नाही." खाली दोन पंच. एक रामलू शिंपी, दुसरी मी.

पहिल्या दिवशी मी अंगठा पुढे केला. साहेबांनी कागद मागे ओढला. "अंगठा चालत नाई. ज्यानं पाह्यलं त्याले नाव असते. सही करा." धाकट्या मुलीची पाटी घेऊन पंधरा दिवस गिरवलं मी, सुमन, सुमन. आयुष्यातली पहिली सही मी व्हायकिंगांविरुद्ध केली. हसू नका. तिथूनच वाचायला लागले, लिहायला लागले.

एकदा विचारलं, "साहेब, खोटीच गोष्ट ते. तिचा एवढा पंचनामा काऊन?"

चष्मा पुसत म्हणाले, "मी दहा वर्षांचा होतो. पेनगंगेच्या काठचं आमचं गाव असंच जाळलं बाई. मौक्यावर कोणी आलं नाई. कागदावर ते गाव अजून उभंच हाये."

एक पंचनामा त्यांनी साप्ताहिकाला पाठवला. छापून आला, गावभर हशा झाला. तारीफ लिहिणाऱ्याला तो झोंबला. तो पंच तपासायला निघाला. पंच खरे निघाले तर सगळे पंचनामे छापू, असं साहेबांना कबूल केलेलं. रामलू "मला मराठी येत नाही" म्हणून सुटला. मग तो तारीफवाला आमच्या दारात आला. नेमके त्याच दिवशी भैंस्याहून पाहुणे थोरल्या मुलीला बघायला आलेले.

"ही सही तुमची का?"

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसली. "अवो, टीव्हीची फिर्याद करता का तुमी?" आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मला कुठं लिव्हता येते भाऊ! म्हातारा काहीबाही करत असते."

सोयरीक जमली. साप्ताहिकात आलं : पंच बनावट.

रविवारी साहेब आले. तोच कोट. भाग पाहिला, पंचनामा लिहिला. मग खिशातून शाईची डबी काढून झाकण उघडलं, माझ्यापुढे ठेवली. "लावा बाई, अंगठा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. "सही करते ना, साहेब," म्हटलं.

"नाई. लिव्हता येत नाई त्याचा अंगठाच घ्यावा लागते."

लावला. त्यांनी फुंकर घालून तो वाळवला, कागद फाईलमध्ये ठेवला आणि गेले. पुन्हा आमच्या दारात आले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात वारले. तेरावं झाल्यावर त्यांच्या सुनेनं ती फाईल पाणी तापवायला चुलीत घातली, एकेक कागद. "काही कामाचं नाही ना हो मावशी?" तिनं मला विचारलं.

मी मौक्यावर हजर होते.